पाणी थंड आहे, असं तुम्ही म्हणालात

बाबा, तुमच्या मुलीला अजून लिहिता येत नाही. मी बोलते आहे आणि माझी नात मोबाईलवर उतरवते आहे. ती पुण्याला नोकरी करते, सुट्टीवर मेहकरला आली आहे. माझी बोली ती मधेमधे सरळ करते. करू दे. तुम्हाला तिकडे वाचून दाखवणारा कुठला असेल कोणास ठाऊक, त्याला तरी समजलं पाहिजे.

पोरगी समुद्राच्या तळाला जाणार आहे, अंदमानात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, अंगात रबराचा झगा. काल सकाळी माझ्याशेजारी बसून ती महिने निवडत होती, आपण डाळीतले खडे निवडतो तसे. पावसाळ्यात समुद्र गढूळ आणि खवळलेला, ते महिने गेले. एप्रिलात पाणी चांगलं उबदार, पण तेव्हा तिच्या ऑफिसात सुट्टी मिळत नाही. दिवाळीनंतर वादळाचा भरवसा नाही. राहिला फेब्रुवारी. तिकडच्या शिकवणाऱ्याला तिने फोनवर विचारलं, तो म्हणाला पाणी सत्तावीस-अठ्ठावीस असतं.

"अठ्ठावीस काय, शेर का पायली?" मी म्हटलं.

"आजी, म्हणजे आंघोळीच्या पाण्याहून जरा गार. पण बराच वेळ आत राहिलं की थंडी वाजते, म्हणून तो झगा."

"म्हंजे पान्यात जायाचं अन् पानी अंगाले लागू द्याचं नाही. मंग घरीच पलंगावर लोळ ना."

ती हसली आणि फेब्रुवारी पक्का केला.

दुपारी तिचा बाप, माझा मुलगा, दुकानातून जेवायला आला. बी-बियाण्यांचं दुकान आहे त्याचं. पोरगी गच्चीवर कपडे काढायला गेली तसा तो पाटासकट माझ्याजवळ सरकला.

"माय, तुह्यं आयकते ते. तिले सांग, फेब्रुवारीत समुद्राचं पानी लय थंड राह्यते, छातीत भरते."

"तूच काऊन नाही सांगत?"

"मी नाही म्हनलं त भांडन होते. पुढच्या वर्षी जाय, एवढंच म्हन तिले. पुढच्या वर्षी लग्न होऊन जाईन, मंग सासरचे पाहून घेतीन."

माझा घास हातातच राहिला. हे बोलणं मी आधी ऐकलं होतं, बाबा. तुमच्या तोंडून.

आपल्या डोणगावच्या शिवारात कोणाची बादली विहिरीत पडो, कोणाची घागर, माणूस तुम्हाला बोलवायला यायचा. तुम्ही काठावर बंडी काढून ठेवता, एकदा खाली बघता आणि उडी घेता. पाणी तुमच्यावर मिटून जातं. मग घागर आधी वर येते आणि तिच्यामागून तुम्ही. मी म्हणते, "मले शिकवा." तुम्ही म्हणता, "शिकवीन." उन्हाळ्यात म्हणता, पाणी तळाला गेलं, खडक लागेल. पावसाळ्यात म्हणता, गढूळ आहे. हिवाळ्यात म्हणता, थंड आहे, छातीत भरेल, पुढच्या वर्षी पाहू.

हिवाळ्यात, बाबा, सकाळी पाणी कोण शेंदत होतं? मीच ना. बादली वर आली की पाण्यातून वाफ निघायची. आखडलेली बोटं मी त्यात बुडवायची, ती मोकळी व्हायची. माझे हात मला सांगत होते की पाणी कोमट आहे. तुम्ही सांगत होता, थंड आहे. मी हातांना खोटं ठरवलं. म्हटलं, वरचं कोमट असेल, खालचं थंड असेल, बाबा खाली जातात, त्यांनाच माहीत. नात म्हणते, खोल विहिरीचं पाणी बारा महिने साधारण सारखंच असतं. हवा गार होते म्हणून हिवाळ्यात ते कोमट लागतं. हे सांगायला पोरीला इतकं शिकावं लागलं आणि माझ्या बोटांना ते तेव्हाच कळलं होतं.

अशाच एका हिवाळ्यानंतर, चैत्रात माझ्या धाकट्या भावाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून तुम्ही त्याला विहिरीत ढकललंत. मी विचारलं, "याले खडक नाही लागत का?" तुम्ही म्हणालात, "उलटून बोलू नको." संध्याकाळी माझ्यासाठी रेवड्या आणल्यात. मी खाल्ल्यासुद्धा. तुमचं ते पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा मी मेहकरला सासरी होते, दुसऱ्यांच्या विहिरीवर.

खाली काय दिसतं, असंही मी एकदा विचारलं होतं. "काही नाही, अंधार," म्हणालात. भाऊ म्हातारपणी बोलून गेला की दुपारचं ऊन सरळ विहिरीत उतरलं की खाली सगळं हिरवं उजळायचं, मासोळ्या पायाच्या बोटांना टोचायच्या. तुम्हीच त्याला दाखवलं होतं. "तुले नाही सांगतलं बाबानं?" त्याला खरंच नवल वाटलं. मी तेव्हाही तुमची बाजू घेतली. विसरले असतील, म्हटलं. मोठे विसरभोळे होता तुम्ही.

काल मुलगा भाकरी मोडता मोडता ते बोलणं जुळवत होता. थंड म्हणावं, छातीत भरतं म्हणावं, पुढच्या वर्षी म्हणावं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हे असं जुळवावं लागतं. तुम्हीही जुळवलं असणार, दरवर्षी नव्याने. पोरींनी विहिरीत उतरायचं नाही असं तुम्ही तोंडावर म्हणाला असतात, तर मी रडले असते, जेवले नसते आणि एखाद्या मामाला धरून दुसरीकडे शिकले असते. तुम्ही मला वाट पाहायला लावलीत. वाट पाहणारं माणूस दुसरीकडे जात नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी पोरगी समोर येऊन बसली. मुलगा ओसरीवर चपला घालायला फार वेळ लावत होता.

"आजी, पप्पा म्हणतात तुला काही सांगायचंय."

"तुह्या बापानं मले सांगाले लावलं का पानी थंड आहे. पानी कोमट आहे. तू जाय."

बाहेर चपलांचा आवाज थांबला, मग दुकानाच्या दिशेने गेला. जेवताना तो भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलला, तेही भाजीकडे पाहून.

पोरगी विचारते, "पाठवू कोणाच्या नंबरवर?" म्हटलं, राहू दे तिथंच, पण अजून थोडं लिही. बाबा, तुम्हालाही तेव्हा भीती वाटत असेल. पाण्याची, लोकांच्या बोलण्याची, कशाची ते मला माहीत नाही. "मले भेव वाटते" एवढं म्हणाला असतात, तर कदाचित मी थांबले असते, पण ते थांबणं माझं असतं. मलाही आता भीती वाटते. ती नळी तोंडातून निसटली तर, हे कालपासून डोक्यातून जात नाही.

पोरीचा अंगठा थांबला आहे. ती माझ्याकडे बघते आहे.

"आजी, हे कालच का नाही बोललीस?"

काल धीर झाला नाही, बाबा. आज तुम्हाला सांगायचं म्हणून तिला सांगून टाकलं.