एक्केचाळिसावं गाणं

लंडन, ३ सप्टेंबर २००१

ती. मॅविसआत्यास,
शि. सा. न.

हे फोनवर बोलायचं नव्हतं. तुझा फोन गेस्ट हाउसच्या जिन्याखाली, आणि तू बोलायला लागलीस की पाहुण्यांना जिन्यावरच काहीतरी काम निघतं. म्हणून पत्र.

कंपनी नोव्हेंबरात आमच्या बँडचा संग्रह काढते आहे. नाव 'लिडो फोर : सगळी हिट गाणी'. नाताळच्या खरेदीआधी दुकानात जायला हवा. रुपर्ट, म्हणजे कंपनीत आमचं सगळं पाहणारा माणूस, याला सोहळा म्हणतो. असा संग्रह बँड संपत आला की निघतो, हे आम्हा चौघांना कुणी सांगावं लागत नाही. डीनने विचारलं की पुढे काय, तर रुपर्टने त्याच्यापुढे बिस्किटांची ताटली सरकवली.

गाण्यांची यादी वाचून झाली. 'ऑफ सीझन' त्यात नाही. रुपर्ट अगदी सभ्यपणे म्हणाला की नावातच हिट आहे, आणि आठवड्याच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसात आलेल्या गाण्यालाच हिट म्हणतात. माझं एक्केचाळिसावं आलं होतं. यात खोटं काहीच नाही.

तुला माहीतच आहे, बाकी सगळी गाणी कार्ला गाते. मी, डीन आणि लॉइड मागे नाचतो आणि मधूनमधून सूर लावतो. पाच वर्षांत मी एकटी गायले ते हेच एक गाणं, शब्दही माझेच. ते गेलं तर पुढे कुणी हा संग्रह लावेल तेव्हा त्यात मी कुठे आहे हे शोधून सापडायचं नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मी पुन्हा एकदा विचारून बघते.

गुडघ्याला जप. पाहुण्यांच्या ट्रंका तू उचलू नकोस. आहे तशीच माया असू दे.

तुझी जॅनीन

*

ब्रिडलिंग्टन, ९ सप्टेंबर

चि. जॅनीन हिला,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाहुण्यांबद्दल तू लिहिलंस ते खोटं आहे. जिन्यावर फक्त मिस्टर टटल उभे राहतात, आणि त्यांना तेवढाच विरंगुळा आहे.

एक्केचाळीस आकडा मला शिकवू नकोस. तो रविवार अजून आठवतो. रेडिओवर चाळीसपासून उलटं मोजत येतात. चाळिसाव्याला तुझं नाव नाही, तेव्हा तुझा बाप म्हणाला, म्हणजे वर आहे. तिसाव्यालाही नाही, तर त्याने शेजाऱ्यांना बोलावलं. दहाव्यालाही नाही म्हटल्यावर शेरीची बाटली उघडली. जसजसं तुझं गाणं येईना तसतसे आम्ही खूश होत गेलो. पहिल्या नंबरचं गाणं लागलं ते दुसऱ्याच कुणाचं. आम्ही ते पुरं ऐकलं. मग शेजारीण म्हणाली की रेडिओवाल्यांची चूक असेल, आणि सॅण्डविच खाऊन घरी गेली.

आणि हो, तू लिहिलं नाहीस तरी तुझ्या मनात काय आहे ते कळतं. यादीसाठी खपाची मोजणी ठरावीक दुकानांतच होते, हॅरल्डच्या बाजारातल्या गाळ्यावर होत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? तुझ्या बापाचा सगळा बस डेपो मी तुझी रेकॉर्ड घ्यायला तिथे नेला. दुसरीकडून घेतलं असतं तर हॅरल्डला तोंड कसं दाखवलं असतं? आमच्या घरातल्या सगळ्या रेकॉर्डी त्याच्याकडच्या. आज कुणी विचारलं तरी मी तिथूनच घेईन.

मी बारा वर्षं क्लबात गायले. बिंगोचा डाव संपल्यावर आणि खाणं यायच्या आधी जो मोकळा वेळ असतो, त्यात. कुणी माझा आवाज कशावर धरून ठेवला नाही, आणि माझं काही अडलंही नाही. पण रॉनचं निराळं. तुझ्या गाण्याची त्याची तबकडी वाजवून वाजवून खराब झाली आहे; त्याला घरात अशी एक हवी आहे जिच्यावर त्याची मुलगी स्पष्ट ऐकू येईल. तू नीट विचार. विचारताना हसू नकोस, तू हसलीस की लोकांना नाही म्हणणं सोपं जातं.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, विसरू नकोस.

मॅविस

*

लंडन, २४ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

विचारलं. हसले नाही.

रुपर्टने दोन दिवस घेतले आणि मग मला जेवायला नेलं, तेव्हाच मला शंका आली. तो म्हणाला की 'ऑफ सीझन' त्यांनी पुन्हा ऐकलं, गाणं फार चांगलं आहे. संग्रहात एखादं नवं गाणं लागतंच, नाहीतर ज्यांच्याकडे जुनी सगळी आहेत त्यांनी तो का घ्यावा? तेव्हा हेच गाणं नवं म्हणून घालायचं. ताल वाढवायचा, खाली ढोल द्यायचे, आणि कार्लाने गायचं.

मी म्हटलं की ते मी गायलेलं आहे. तो म्हणाला, हो, आणि ते कुणी ऐकलेलं नाही, हीच त्याची जमेची बाजू.

शब्द माझे असल्यामुळे माझी संमती हवी. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. हो म्हटलं तर गाणं संग्रहात येईल, माझ्या आवाजाशिवाय. नाही म्हटलं तर गाणंही नाही आणि आवाजही नाही. त्यांच्याकडे दुसरं एक तयार आहे. रुपर्टने हे सगळं फार समजूतदारपणे सांगितलं. मासा चांगला होता.

तुझं मत लगेच कळव. बाबांचंही विचार, पण तूच विचारते आहेस असं विचार.

दोघं रागावलात तरी पुरते रागावू नका.

जॅनीन

*

ब्रिडलिंग्टन, २६ सप्टेंबर

चि. जॅनीनला आशीर्वाद.

टपाल गाठायचं आहे म्हणून थोडक्यात. नाही म्हण.

ते गाणं या घराबद्दल आहे. हिवाळ्यात पाहुणे गेल्यावर मी एकच ताट मांडते, हे तू पाहिलंस म्हणून तू लिहिलंस. त्या कार्लाने रिकामं गेस्ट हाउस बाहेरून तरी पाहिलंय का? तिच्या बापाकडे पोहण्याचा तलाव आहे असं तूच सांगितलं होतंस. तिने खुशाल दुसरं काही गावं.

रॉनला विचारलं. तो बस धुऊन आला होता. त्याने हात पुसले, हो म्हणायला सांग असं म्हणाला, आणि बाहेर गेला. का, ते त्याने सांगितलं नाही. तू माझं ऐक.

तुझ्या बाजूची,
मॅविस

*

लंडन, ३० सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं. नाही म्हणायचं ठरवून मी स्टुडिओत गेले.

कार्ला तिथे होती. माझ्या होकाराआधीच तिला बोलावलं याचा तिलाच संकोच वाटत होता. तिने मला चहा करून दिला, साखर न घालता, हे तिच्या लक्षात असतं. म्हणाली की तू नको म्हणालीस तर मी घरी जाते, मला वाईट वाटणार नाही. मी म्हटलं, एकदा गाऊन तर दाखव.

आत्या, तुला आवडणार नाही, पण लिहिते. ती माझ्यापेक्षा चांगली गायली. ताटाची ओळ मी दुःखाने म्हटली होती. तिने ती नुसती म्हटली, कुणी ताट मांडतं तशी. तिने तुझं घर पाहिलेलं नाही, हे खरं. पण ती ओळ तशीच म्हणायला हवी होती, आणि ती मी लिहिली असून मला ते कळलं नव्हतं.

काचेपलीकडे सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी घाई केली नाही. मी हो म्हटलं. दुपारी तिच्या मागचे सूर मी दिले, नेहमीसारखे.

तुझी बाजू मी सोडली असं वाटत असेल तर तसं समज. लोभ कमी केलास तरी तोडू नकोस.

जॅनीन

*

ब्रिडलिंग्टन, २५ नोव्हेंबर

चि. जॅनीनला आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे असंही नाही.

इथे वारा आहे. बंदरावरचं आइस्क्रीमचं दुकान बंद झालं. मिस्टर टटल हिवाळाभर राहणार म्हणतात, तेव्हा आता दोन ताटं.

रॉनने तुमचा संग्रह घेतला. मुखपृष्ठावर तुझा अर्धा चेहरा लॉइडच्या खांद्यामागे आहे. रॉन त्याच्या घरी रोज संध्याकाळी 'ऑफ सीझन' लावतो, डाव्या स्पीकरला कान लावून बसतो आणि म्हणतो की कार्लाच्या मागे तू ऐकू येतेस. मला ऐकू आली नाहीस. मी तसं बोलले नाही.

गाणं यादीत सहावं आलं ते रेडिओवर ऐकलं. या वेळी शेरी उघडली नाही.

थंडीचं अंगावर घालत जा.

मॅविस

*

लंडन, १६ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

काल टीव्हीवर पाहिलं असशील, तेव्हा खुलासा करते.

कार्लाला फ्लू झाला. ताप इतका की उभं राहता येईना. नाताळचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण, पुढे ढकलता येत नाही. रुपर्टने हिशेब सोपा करून सांगितला. या कार्यक्रमात गात कुणीच नाही, गाणं टेपवर वाजतं आणि आपण ओठ हलवतो. शब्द कुणाला पाठ आहेत? मला. कार्लाचा पोशाख कुणाला होईल? मला, पाठीला पिना लावून.

तर मी पुढे उभी राहिले. माझं गाणं, माझं तोंड, आवाज कार्लाचा. माइक कशालाच जोडलेला नव्हता. पहिल्या कडव्यात मी नुसते ओठ हलवले. दुसऱ्या कडव्यात मोठ्याने गायले. टेप इतकी जोरात होती की मी गाते आहे की नाही ते मलाही कळत नव्हतं. डीन नंतर म्हणाला की मला काहीतरी दुखत असावं असं त्याला वाटलं.

बँड फेब्रुवारीत बंद होणार. परवा सांगितलं. बिस्किटं नव्हती.

तुम्ही सगळे पाहत होता का? माझ्यावरचा राग निवळला असेल तर दोन ओळी पाठव.

जॅनीन

*

ब्रिडलिंग्टन, १८ डिसेंबर

चि. जॅनीन हिला,
अ. उ. आ.

राग कधीच गेला. लिहायचा कंटाळा होता.

आम्ही क्लबात पाहिलं. सेक्रेटरीने बिंगो थांबवला, जो त्याने राणीच्या भाषणासाठीही कधी थांबवला नाही. तू पुढे आलीस तेव्हा मला वाटलं, काही गडबड आहे. बाकीच्यांना तसं काही वाटलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की रॉनची मुलगी मध्ये उभी आहे आणि गाते आहे. गाणं संपल्यावर लोक उठून उभे राहिले. डेपोतला एक जण म्हणाला, इतकी वर्षं हिला मागे का ठेवली होती त्या गाढवांनी? रॉनला इतके ग्लास पाजले की दोनदा बसायला सांगावं लागलं. आणि तो सगळ्यांना मान डोलावत होता.

घरी येताना मी त्याला म्हटलं की तो आवाज कुणाचा होता हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, माहीत आहे. जरा चालल्यावर म्हणाला, एक संध्याकाळ होती, मॅविस, राहू दे.

मी राहू दिलं असतं. पण आता सेक्रेटरीला बॉक्सिंग डेला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तुझं गाणं हवं आहे. माझी जुनी वेळ, बिंगोनंतर, खाण्याच्या आधी. त्याने फळ्यावर तुझं नाव लिहूनही टाकलं. तिथे टेप नाही. पियानो आहे, आणि त्याच्या वरच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत. लोक कार्लाचा आवाज ऐकायला येतील आणि त्यांना तुझा ऐकू येईल. तुला घसा बसल्याचं मी सांगू शकते. रॉनची लाज राहील, तुझीही. मला खोटं बोलायला हरकत नाही. काय सांगू ते कळव.

तू जे ठरवशील त्यात मी आहे.

मॅविस

*

लंडन, २० डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

घसा बरा आहे असं सांग.

मी सोमवारी येते. पियानोवाल्याला म्हण, जुनी चाल, सावकाश, ढोल नाहीत, आणि सुरुवात खालून करू दे, म्हणजे वरच्या पट्ट्या लागायच्या नाहीत. ताटाची ओळ मी आता कार्लासारखी म्हणून बघणार आहे. जमली तर जमली.

नंतर कुणी म्हणालं की टीव्हीवर बरी गायली होतीस, तर वाद घालू नकोस. खरंच बरं होतं ते. कुणी आवाजाबद्दल विचारलं तर सरळ सांग. कुणी विचारलं नाही तर तूही विषय काढू नकोस, तेवढं बाबांसाठी.

एक काम कर. बाबांना पहिल्या रांगेत बसवू नकोस. त्यांना सगळं गाणं पाठ आहे, आणि ते माझ्याआधी ओठ हलवतात. मागे कुठेतरी, दाराजवळ बसव. तिथपर्यंत आवाज पोचतो का ते मला बघायचं आहे.

भेटीपर्यंत माया राखून ठेव.

तुझी जॅनीन