कॉटर्स बेंडच्या पाटीवरचं नाव

कॉटर्स बेंड, नॉर्थ कॅरोलायना
२३ सप्टेंबर २०१९

प्रिय हॉइटदादास,

ऑर्लीनचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीचा रक्तदाब आणि फ्लोरिडातली हवा हे तिघंही ताळ्यावर असतील, अशी आशा करते. माझी कंबर धरली आहे, पण त्यात काळजीचं काही नाही. तिचं कारण पुढे येईलच.

तर आपल्या जुन्या रेस ट्रॅकची पाटी लागणार! पाच वर्षं मी कौंटी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या (तिथला पहारेकरी आता मला स्वतःच्या डब्यातलं खायला देतो). शेवटी त्यांनी हात टेकले. हमरस्त्याच्या कडेला लोखंडी पाटी आणि मजकूर माझा, कारण फेऱ्या मोजणाऱ्यांपैकी जिवंत मी एकटीच. म्हाताऱ्या कॉटरने भुईमुगाचं शेत नांगरून त्याचा गोल ट्रॅक कसा केला (तिथे नाहीतरी शेंगा धरत नव्हत्या), तिथे रविवारी प्रार्थना उरकून अख्खा गाव कसा धूळ खायला जमायचा आणि अडुसष्ट साली सगळं कसं बंद पडलं, ते मी झरझर लिहून काढलं. पण ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "ट्रॅकची लांबी पुराव्यानिशी द्या." कॉटर आयुष्यभर अर्धा मैल सांगत आला. त्याला पुरावा कोण मागणार?

मग मीच माझी ब्यूइक गाडी काढली. म्हटलं, एक फेरी मारायची आणि गाडीच्या मैलांच्या आकड्यावर बघायचं. आता तिथे पाइनचं रान माजलंय, पण लमारने गुरांसाठी वाट मोकळी ठेवली आहे. (लमार टटल. तुझा शर्यतीतला जुना वैरी. त्याचं घर अजून कुंपणापलीकडेच आहे.) पहिली दोन वळणं मी अशी घेतली की तू बघत राहिला असतास. तिसऱ्या वळणावर लाल चिखल होता. गाडी आडवी झाली, काटेरी झुडपांतून गेली आणि डबक्यात जाऊन बसली. कंबर धरली ती तिथेच. लमार ट्रॅक्टर घेऊन आला, गाडीला साखळी बांधली आणि म्हणाला, "ऑर्लीन, याच डबक्यात तुझा भाऊ तीनदा गेला होता. पण तो निदान जोरात तरी होता!" गाडी बाहेर निघाल्यावर चिखलातून उरलेली फेरी पूर्ण केली. लांबी पाव मैलापेक्षा थोडी जास्त भरली. कॉटरची अब्रू गेली, पण मी तेच लिहिलं. जे झालं तेच पाटीवर जाणार, असं मी ठरवलंय, आणि इथूनच तुझ्याशी संबंध येतो.

शेवटच्या शर्यतीच्या फेऱ्या मोजल्याचे माझे जुने कागद मी मागच्या महिन्यात काढले. शंभर फेऱ्या, तुझा पहिला नंबर. पण दादा, त्रेचाळिसाव्या फेरीला तू कडेला उभा होतास आणि बाबा तुझं चाक बदलत होते. तरी तुझ्या नावापुढे त्या फेरीची खूण आहे! एक फेरी जास्त मोजली गेली. माझ्या लिंबूपाण्यात गांधीलमाशी पडली होती, त्या गोंधळात झालं असणार. म्हणजे शर्यत खरं तर दुसऱ्या नंबरच्या लमारने जिंकली. हे पाटीवर यायला हवं, असं मला वाटतं. तुझं मत कळव. फोन करून ओरडलास तर मी ठेवून देईन.

वहिनीला नमस्कार, नातवंडांना पापा.

तुझी धाकटी बहीण,
ऑर्लीन

ता. क. मत कळवायची तशी गरज नाही. पाटी ओतून झाली आहे. लमारचं नाव छान उठलंय.

ता. क. २. बारा ऑक्टोबरला शनिवारी अनावरण आहे. पडदा तूच ओढायचा आहेस. त्या शर्यतीत मिळालेला कप घेऊन ये. (त्यात तू मासे धरायच्या गळाला लावायचे किडे ठेवतोस, हे वहिनीने सांगितलंय.)

ता. क. ३. गांधीलमाशी वगैरे काही नव्हती. त्या दिवशी बाबांनी आईला शर्यत बघायला इस्पितळातून दुपारपुरतं आणलं होतं, आठवतं? पुढचा उन्हाळा तिला दिसणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तुला नाही. तू कडेला थांबलास आणि तिचा चेहरा पडला. माझ्या हातून खूण झाली. चूक नव्हती ती, मी मुद्दाम केली. एक्कावन्न वर्षं कुणाला बोलले नाही.

बुधवारी लमारला जाऊन सांगितलं. तो बुटाचा चिखल खरवडत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. हॉइटला मी स्वतः ओलांडून गेलो होतो, ते विसरेन का? भांडायलाच येत होतो तुझ्याकडे. बघतो तर तुझी आई उभी राहून टाळ्या वाजवतेय. मग गेलो घरी." दुसरा बूट खरवडायला घेतला आणि म्हणाला, "पण आता मात्र कप पाहिजे हां मला. हॉइटला सांग, तो कप ठेवायला भिंतीवर फळी मी शर्यतीच्या आदल्या दिवशीच ठोकली होती."