बिबड्यांच्या खाटेवरची स्कूटर

जळगाव,
चैत्र वद्य नवमी

तीर्थस्वरूप नानांना,

धाकटा भाऊ पितांबर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात तीनदा साबणाने आणि एकदा रॉकेलने धुतले आहेत. तरीही कागदावर जे काळे ठसे दिसतील ते शाईचे समजावेत.) वहिनींनाही नमस्कार. तुमची नजर अधू झाल्यापासून पत्रं त्याच वाचून दाखवतात, म्हणून त्यांना विनंती की मध्येच नाना ‘पुरे’ म्हणाले तरी थांबू नये. फोनवर तर तुम्ही येत नाही. मी फोन केला की वहिनी सांगतात, झोपले आहेत, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. झोपेत इतका ठणठणीत खोकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पत्राचं बरं असतं, ते मध्येच बंद करता येत नाही.

आमच्याकडे सगळं ठीक. कामिनीचे गुडघे बोलतात, माझी साखर बोलत नाही पण वाढते. ऊन असं आहे की सकाळी दहानंतर गल्लीत कुत्रंही दिसत नाही. तुमची तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही, कारण वहिनींकडून सगळं कळतं. गॅरेज बंद करून तुम्हाला संक्रांतीला वर्ष झालं. हाताला कंप आला, पाना नटावर बसेना, म्हणून चाळीस वर्षांचं शटर तुम्ही एका दुपारी ओढून घेतलंत आणि तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. दाढीलाही न्हावी घरी येतो म्हणे. मला हे सहन होत नाही, नाना. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे स्कूटरचा विषय निघाला की मला दुसरं काही सुचणार नाही.

तर स्कूटर. शटर ओढलंत त्याच दिवशी तुमची निळी स्कूटर माझ्या हवाली केलीत आणि म्हणालात, “हाई स्कूटर शे, फाइल नही. पुशी ठेव, चालाड, पन उघाडू नको.” पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला ‘उघडू नको’ म्हणून सांगणं म्हणजे काय, याचा तुम्ही विचार करायला हवा होता. (हा दोष देण्याचा प्रकार नाही. दोष कोणाचा ते पुढे स्पष्ट होईलच, आणि तो माझाच आहे.) वर्षभर मी तुमची आज्ञा पाळली. रोज पुसली, आठवड्यातून दोनदा बाजारात नेली. मग फाल्गुनात एके दिवशी तिच्यातून खुळखुळ असा आवाज यायला लागला. वळणावर जास्त, सरळ रस्त्यावर कमी. तुम्हाला फोन केला. तुम्ही झोपलेले होता.

मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला एक माणूस (हिंदी बोलत होता, पण हात मराठी माणसासारखे सावकाश चालत होते) म्हणाला की असा आवाज इंजिनच्या आतून येतो आणि दुर्लक्ष केलं तर पश्चात्ताप होतो. पश्चात्ताप नको म्हणून मी इंजिन उतरवलं. काम तुमच्याच पद्धतीने केलं, हे लक्षात घ्यावं. तुम्ही गॅरेजात गोणपाट अंथरून, जे निघेल ते निघालं त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जायचात आणि बसवताना उजवीकडून सुरुवात करायचात. मी अंगणात खाट टाकली, तिच्यावर जुनी चादर अंथरली आणि चार दिवसांत अख्खी स्कूटर तिच्यावर ओळीने मांडली. शिवाय सवयीप्रमाणे यादीही केली. ज्या वस्तूंची नावं माहीत नव्हती त्यांच्यापुढे ‘तो’, ‘दुसरा तो’, ‘त्याच्या खालचा’ अशा नोंदी घेतल्या. शेवटी गाडीची डिकी साफ करायला घेतली आणि त्यात फडक्यातून सुटलेला एक जुना प्लग सापडला. मी डिकी हलवली. खुळखुळ. अडचणीला असावा म्हणून तुम्हीच तो मला न सांगता ठेवला होतात.  तुमची माया होती, पण तिने आवाज करायला नको होता.

तरीही वेळ गेलेली नव्हती. सगळं ओळीत होतं. उजवीकडून सुरुवात करायची, एवढंच उरलं होतं. मी ग्रीस आणायला स्टँडपर्यंत गेलो. आता, वर्षाचे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, त्या दिवशी घालायचे आहेत हे कामिनी मला आठवडाभर सांगत होती, हे तिचं म्हणणं खरं आहे. ज्वारी भिजलेली, दळलेली, घाटा भल्या पहाटेपासून शिजत होता, गल्लीतल्या चार बायका हात लावायला आलेल्या, आणि आमच्या घरात खाट एकच. मी परत आलो तेव्हा खाटेवर ओल्या धोतरावर बिबड्यांच्या ओळी लागल्या होत्या आणि कोपऱ्यात तुळशीजवळ एक गाठोडं होतं. बायकांनी चादर चारी टोकांनी उचलून वर पक्की गाठ मारली होती. एकही वस्तू हरवू दिली नाही म्हणून त्यांना अभिमान होता, आणि खरंच, एकही हरवली नव्हती. फक्त त्या सगळ्या एकमेकींना भेटल्या होत्या. मी गाठोडं उचललं तेव्हा जो आवाज आला त्यापुढे मूळची खुळखुळ काहीच नव्हती.

मी रागावलो नाही. (कामिनी म्हणते रागावलो. मी फक्त चहा घेतला नाही.) त्यातच इंजिनच्या झाकणाखालचं कागदी गॅसकेट फाटलेलं निघालं. तुम्ही जाड कागद झाकणावर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत गॅसकेट कापायचात, तसंच करायचं ठरवलं. जाड कागद म्हणून शेजारच्या भिकमचंद शेठजींकडची लग्नपत्रिका घेतली. त्यांच्या नातीचं, आयुषीचं, लग्न आहे. पत्रिका अशी जाडजूड की गाडीत बसवायलाच केली असावी. छान गोल कापलं, पाण्यात भिजवून मऊ केलं आणि वाळायला ठेवलं. वाळायला जागा एकच होती, ती खाट.

संध्याकाळी कामिनीने बिबडे गोळा करून डब्यात भरले. (तिला चष्मा बदलायला हवा आहे, हे मी दोन वर्षं सांगतो आहे.) तिसऱ्या दिवशी स्वतः शेठजी आले, लग्नाला नक्की या म्हणून सांगायला. त्यांच्यापुढे ताजे तळलेले बिबडे ठेवले. शेठजी अतिशय सभ्य माणूस. त्यांनी एक घेतला, मोडून पाहिला, मोडला नाही, तेव्हा दाताने कडा तोडली आणि लग्नाच्या तयारीबद्दल बोलत बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, यंदा ज्वारी जरा चिवट आली आहे का? कामिनी म्हणाली, नाही हो, एकही बिबडा असा निघाला नाही. शेठजींनी हातातला तुकडा उजेडात धरला. त्यावर सोनेरी अक्षरात ‘चि. सौ. कां. आयुषी’ एवढं शाबूत होतं.  त्यांनी तो तुकडा खिशात ठेवला आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कोऱ्या पत्रिका पाठवल्या, एक लग्नासाठी आणि एक गॅसकेटसाठी. अशी माणसं आता मिळत नाहीत.

पुढचे अकरा दिवस मी ती स्कूटर जोडली. यादीतला ‘तो’ आणि ‘दुसरा तो’ हे प्रत्यक्षात सारखेच दिसतात हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी सात वस्तू उरल्या; त्या मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून देवघरात ठेवल्या. बाराव्या दिवशी गाडी एका बाजूला कलवून, तुम्ही करता तशी, किक मारली. सव्विसाव्या किकला ती सुरू झाली. नाना, मला तुमची इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं. (थोडं धुरानेही आलं असेल.) गल्ली गोळा झाली. कामिनीने ओट्यावरून गाडीवर हळदकुंकू टाकलं. मी बसलो, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि स्कूटर मागे गेली.

थट्टा करत नाही. गाडीला मागचा गिअर नाही हे मलाही माहीत आहे. पण ती पहिल्या गिअरमध्ये, शांतपणे, मागे गेली. मी दुसरा टाकला तर ती जास्त वेगाने मागे गेली. शेठजींच्या फाटकाशी लग्नाच्या मांडवाचे बांबू ठेवले होते, तिथे थांबली. कोणाला लागलं नाही. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची प्लेट मी फिरवून बसवली असावी आणि इंजिन उलटं फिरत असावं, असा माझा संशय आहे, पण संशयावर स्कूटर चालत नाही.

मग छोट्या टेम्पोत घालून ती नशिराबादला हायवेवर युवराजकडे नेली. हा मुलगा हुशार, गॅरेज चकचकीत. त्याच्याकडे एक यंत्र आहे, ते गाडीला जोडलं की गाडीचं दुखणं पडद्यावर लिहून येतं. तो यंत्राची वायर हातात घेऊन स्कूटरभोवती दोन फेऱ्या फिरला आणि अदबीने म्हणाला, “काका, हिला जोडायची कुठे?” जागा नव्हती. मग खाली बसला आणि म्हणाला, धुळ्याला पुना मिस्त्री म्हणून होते, लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून सांगायचे म्हणे काय बिघडलंय ते, आहेत का अजून? मी म्हटलं, आहेत, माझे भाऊ आहेत. तो उभाच राहिला. म्हणाला, मग माझ्याकडे कशाला आलात?  स्कूटर त्याच टेम्पोने परत आणली. ती आता अंगणात चादरीखाली आहे.

तर माझं म्हणणं एवढंच. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नऊ दिवस उरले आहेत. आपली आक्काबाई यंदा फैजपूरहून इकडे माहेरपणाला येते आहे, तुम्ही आणि वहिनी आलात तर तिघं भावंडं एका ताटावर बसू. मी आदल्या दिवशी पहिल्या एस्टीने धुळ्याला येतो आणि तुम्हाला घेऊन निघतो. हात कापतात म्हणून लोक काय म्हणतील, असं तुमच्या मनात असेल तर मला तुमचे हात नकोतच. मला तुमचा कान हवा आहे. तुम्ही खुर्चीवर बसून ऐकायचं आणि सांगायचं. ओळखीच्यांना माझी आठवण सांगा, आणि स्वतःला माझा राग सांगू नका, तो इथे येऊन मलाच सांगा.

तुमचा,
पितांबर

ता. क. वहिनी, हे फक्त तुमच्यासाठी, नानांना वाचून दाखवू नये. काळजी करू नका. स्कूटर खरं तर चालू आहे. युवराजने अर्ध्या तासात दुरुस्त केली, मी मेहरूणच्या तलावापर्यंत फेरी मारून आलो. मी फक्त प्लगची वायर काढून ठेवली आहे. नाना आले की गुपचूप लावून देईन, त्यांनी सांगितलं आणि ती सुरू झाली, असं होईल. इतक्या लांब येऊन त्यांना जमलं नाही तर ते पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, ही तुमची धास्ती मला माहीत आहे. तेव्हा निश्चिंत मनाने आणा.

ता. क. धुरपदाताईंना कामिनीचा नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायला ह्यांनी पत्र माझ्याकडे दिलं, ते मी वाचलं. ह्यांचा ता. क. वाचून दाखवू नका, माझा मात्र मोठ्याने वाचा. स्कूटर चालू नाही. तलावावर हे पायी गेले होते. युवराजने हात टेकले आणि ह्यांनीही टेकलेत, तुम्हाला घोर लागू नये म्हणून खोटं लिहिलं आहे. रोज सकाळी चादर काढतात, गाडीकडे बघतात, ‘नाना असते तर’ म्हणतात आणि चादर घालतात. नाना, ह्यांना एवढंच लिहायचं होतं की तुमच्यावाचून करमत नाही, त्यासाठी एवढी पानं लागली. गाडी सुरू झाली नाही तरी आमचं काही अडत नाही, आम्ही बाजाराला रिक्षाने जातो. हाताला कंप असला तर असू दे. पाना मी धरीन, नट हे शोधतील. रागवायचं काम तेवढं तुम्ही या आणि करा, ते इथे दुसऱ्या कोणाकडून ह्यांना लागू पडत नाही.