कीर्तीचं हृदय आधी, घर नंतर

मी गोमतीबाई, कै. महालिंगराव यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार कुंभकोणम्, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. साखर वाढलेली आहे. डोकं ठिकाणावर आहे.

१. बँकेतली ठेव मुलगा श्रीवत्स याला. पितळी कॉफी फिल्टर सून विशालाक्षीला. कधी तोंडावर म्हटलं नाही, पण कॉफी ती माझ्याहून चांगली करते.

२. मोत्यांच्या कुड्या मुलगी जयश्रीला. ती १९९१ साली गेली, नऊ वर्षांची असताना. वकील म्हणतात, मयताच्या नावे काही ठेवता येत नाही. येत नसेल, मी लिहिलं आहे.

३. माझा स्टेथोस्कोप आमच्या इस्पितळातल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सुष्मिता यांना. तातडीच्या विभागात मी अठ्ठावीस वर्षं काढली. घशात शेंगदाणा अडकलेली, कालव्यात बुडालेली, झोपेत मण्यार चावलेली, दोन दिवसांच्या तापाने निळी पडलेली मुलं तिथे यायची. बहुतेकांचं कारण सापडायचं. काही मात्र चांगली खेळता खेळता कोसळलेली असत. डॉक्टर त्यांच्या आईबापांना विचारत, शवविच्छेदन करू का? मी हात जोडून सांगायची, हो म्हणा. कारण माझ्या वेळी मी नाही म्हटलं होतं.

४. ते असं झालं. जयश्री मठातल्या भजनात दिव्याभोवती नाचताना बेशुद्ध पडली. मामंजी म्हणाले, "रडूं नको गोमती, पोरीच्या अंगांत विठोबा आला अस्से." बायका तिच्या पाया पडल्या. मी शिकलेली नर्स, पण तिची नाडी पाहिली नाही. मला अभिमान वाटला. दोन महिन्यांनी ती शाळेच्या मैदानावर धावताना पडली आणि उठली नाही. तिला आमच्याच विभागात आणलं. तिच्या छातीला स्टेथोस्कोप मी तेव्हा पहिल्यांदा लावला. ऐकायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, तर मामंजी म्हणाले, "लेंकराला कापूं देणार नाहीं." मीही मान हलवली. कागदावर लिहिलं गेलं, कारण अज्ञात. मामंजींना मी माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. ती मला अजून रोज हवी असते.

५. गेल्या महिन्यात नात कीर्ती, वय नऊ, भजनात तशीच पडली. श्रीवत्सने तिच्या गळ्यात हार घातला. म्हणून अट अशी: कीर्तीचा ईसीजी आणि हृदयाचा इको करून ते डॉ. सुष्मिता यांना दाखवल्यावरच घर श्रीवत्सचं. नाही दाखवले, तर घर इस्पितळाला. देवाशी माझं भांडण नाही. पण नाडी आधी, नमस्कार मागून.

६. माझं शवविच्छेदन करावं आणि हृदय नीट पाहावं. जयश्रीचा दोष माझ्याकडूनच गेला होता का, ते घरात कोणाला तरी कळू दे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. श्रीवत्सा, मी हट्टी आहे, आणखी दहा वर्षंही जगेन. तोवर कीर्तीचं हृदय तग धरेल याचा भरवसा नाही. म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही. आजच वाच आणि उद्या सकाळी तिला घेऊन ये. मी इस्पितळाच्या दारात उभी असेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि या दोघांसमोर सही केली.

सही: गोमतीबाई
साक्षीदार: मुकुंदराव, शेजारी
साक्षीदार: रंगा, औषध दुकानदार
कुंभकोणम्, १९ ऑगस्ट २०२४