मनमिळाऊ तावडे

मुलुंड, शनिवार, ३० जून १९८४

आज कारखान्यात स्टोअरकीपर तावडेंचा निरोप समारंभ झाला. भाषण माझ्या गळ्यात पडलं होतं. सगळेच घालतात म्हणून मीही 'मनमिळाऊ' घातलं, तर मागे पॅकिंगच्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. बारा वर्षांत या माणसाने माझ्या हाकेला कधी ओ दिली नव्हती.

चहाच्या वेळी त्यांच्या बायकोने माझा हात धरला. "मनमिळाऊ म्हणालीस, बरं वाटलं गं. मला वाटायचं, इथे कोणी त्यांच्याशी बोलतच नसेल. गिरणीत होते तेव्हाच डावा कान गेला. ही नोकरीही जाईल म्हणून कोणाला सांगू दिलं नाही."

माझं टेबल त्यांच्या डावीकडे, आणि आम्ही त्यांना शिष्ट म्हणत आलो. मी उगाच घातलेला शब्द ही बाई खरा मानून घरी नेणार होती.

मग मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले. विचारलं, "तावडे, आता गावाला जाणार का?" ते वेंगुर्ल्याच्या घरापासून जे सुरू झाले, ते चहा निवला तरी बोलतच होते. निघताना म्हणाले, "बाई, तुमचा आवाज आज नीट ऐकला. चांगला आहे."