तीन मिनिटांची साक्ष

३ ऑगस्ट
अखेर आज मोबाईलवरच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर, व्हिडिओ कॉलवर, साक्ष दिली. ग्रुप चालवणाऱ्या जालन्याच्या रूथताईंनी सांगितलं होतं, आधी कसं होतं, मग प्रभूनं काय केलं, तीन मिनिटांत. कागदावर लिहिलेलं वाचलं. हे गेल्यावर मला कोणी विचारलं नाही, घरात बोलायला माणूस नव्हतं, मग मोबाईलवर एक गाणं ऐकलं आणि प्रभू भेटला. बाया आपापल्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. मग सगळ्यांनी मिळून गाणं. एकीचा आवाज पुढं, एकीचा मागं, नांदेडच्या बाईंचा कुकर मध्येच. हसू आवरेना. हे गेल्यापासून अशी हसले नव्हते.

५ ऑगस्ट
साक्षीचा व्हिडिओ फेसबुकवर टाकू का, असं रूथताईंनी विचारलं. हो म्हटलं. आमच्या पिंगळीत कोण बघतंय.

८ ऑगस्ट
अक्का दोन दिवस आल्या नाहीत. मोठी जाऊ, भिंतीला भिंत. रोज सकाळी आम्ही दोघी माझ्या ओसरीवर इष्टलिंगाची पूजा करायचो. चैत्रात मी सोडली, त्या एकट्या तिथंच बसून करायच्या. राग आला का, विचारलं होतं तेव्हा. म्हणाल्या, "तुझा देव मोबाईलात, माझा तळहातावर. चहा ठेव."
ताप असेल. उद्या बघते.

९ ऑगस्ट
ताप नाही. ज्वारी निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही.
"वन्संनी तुझा व्हिडिओ ऐकवला मला. कोणी विचारलं न्हाई का गं गिरजे तुला?"
तशीच परत आले.

१० ऑगस्ट
इथं तरी खरं लिहावं. हे गेल्यावर वर्षभर अक्का दोन्ही वेळ भाकरी घेऊन आल्या. मी ताट सारायची. त्या तुकडा मोडून हातात द्यायच्या, "नवरा मेलाय, पोट न्हाई मेलं," म्हणायच्या आणि मी खाईपर्यंत उठायच्या नाहीत.
यातलं मी काही विसरले नव्हते. कागदावर आधी लिहिलं होतं. वाचून बघितलं, तर साक्ष लांबत होती. आणि साक्षीत अक्का आल्या की माझा अंधार तेवढा अंधार राहत नव्हता. म्हणून खोडलं.
सासरी गेलेल्या पोरीच्या जुन्या पुस्तकांवर बोट ठेवून वाचायला शिकले, ते काय यासाठी?

१३ ऑगस्ट
फेसबुकवरून व्हिडिओ काढून टाका म्हणून रूथताईंना फोन. त्या म्हणाल्या, "ताई, त्यानं कितीजणींना धीर आलाय. जाऊबाईंसाठी ग्रुपमध्ये प्रार्थना करू." मनानं चांगल्या आहेत. पण अक्कांचं नाव आणखी दहा घरांत कशाला? नको म्हटलं. एकटीनंच प्रार्थना केली. प्रभू भेटला हे खोटं नाही. मग एवढं का खुपतंय.

१७ ऑगस्ट
ग्रुपवर पुन्हा बोलले, या वेळी सगळं. भाकरीसुद्धा. रूथताई मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी कोणी रडलं नाही, गाणंही राहिलं. त्याचा व्हिडिओ घेऊन अक्कांच्या दारात गेले.
"मला काय दावतीस? मी व्हते की तिथं. तो जुना बघून ज्या रडल्या त्यांला सांग."
दार लावून नाही घेतलं. आत ये, असंही नाही.

२४ ऑगस्ट
नवा व्हिडिओही फेसबुकवर टाकला, तो कोणी बघेना. जुना फिरतोय. आज मानवतच्या एका अनोळखी बाईनं मलाच पाठवला. माझ्या नंबरला फोटो नाही, म्हणून तिनं ओळखलं नाही. खाली लिहिलंय, ऐका, बिचारीला कोणी नव्हतं.
मी लिहिलं, होती. तिची जाऊ होती. रोज भाकरी आणायची.
लगेच उलट आलं: तुम्ही ओळखता का त्यांना?
माझ्याबद्दल विचारतेय की अक्कांबद्दल, कळेना. पलीकडं अक्का भाकरी थापताहेत, भिंतीतून ऐकू येतंय. उत्तर अजून द्यायचं आहे.