पोटऱ्यांवरचं तेल

बाई, आज अलिबागच्या कबड्डी स्पर्धेत उत्तेजक तपासणीवाल्या मॅडम आल्या होत्या. मी शिकवते त्यातल्या एका मुलीचं नाव निघालं, म्हणून तिच्यासोबत मी बसले. सीलबंद बाटल्या, त्यांवर नंबर, आणि नमुना देताना मॅडम समोर उभ्या. पोरगी लाजून अर्धमेली झाली. मग फॉर्म आला. आठवडाभरात घेतलेली सगळी औषधं त्यात लिहायची. ती माझ्या कानाशी लागली, "ताई, खोकल्याचं औषध घेतलंय. लिहू का गप ऱ्हाऊ?" मी म्हटलं, "लिही. आईनं चोळलेला बामसुद्धा लिही." बोलले मी, पण आवाज तुमचा होता. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी माझ्या तोंडून अजून तुम्हीच बोलता.

तुमच्याकडे कुठल्या बाटल्या आणि कुठला फॉर्म! एक पांढरा रुमाल, एवढीच तुमची प्रयोगशाळा. सामन्याआधी आम्हाला ओळीत उभं करून नखं बघायचात, मग खाली बसून एकेकीच्या पोटरीवर रुमाल फिरवायचात. आठवीत मी खोबरेल चोळून आले होते. तेलावरून पकड निसटते, हे श्रीवर्धनात शेंबड्या पोरालाही ठाऊक. रुमालावर डाग उठला.

"हे काय गं?"

"बाई, थंडीनं पाय फुटलेत."

"फुटल्या टाचा, आणि तेल पोटऱ्यांना?"

तुम्ही मला बाहेर बसवलंत आणि आपण तो सामना हरलो. परतीच्या एसटीत सगळ्यांसमोर म्हणालात, "जिंकली असतीस तर ढाल तेलाच्या बुधलीला द्यावी लागली असती." सगळ्या खिदळल्या. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पुढे कबड्डीवरच कंपनीच्या संघात पगारावर लागले. मग गुडघा दुखावला, जागा जाईल अशी भीती बसली, आणि व्यायामशाळेतल्या एकानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या कसल्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. नमुन्यात सापडले. पत्र आलं तेव्हा संघाचे एक साहेब घरी येऊन कानमंत्र देऊन गेले, "आईनं गावठी काढा दिला म्हणून सांग." संध्याकाळी तुम्ही रिक्षा करून आलात. आई चुलीपाशी जवळा भाजत होती आणि खोटं बोलायला एका पायावर तयार होती. "सांगते ना मी, माझ्याच काढ्यात काय ता असल. मला म्हातारीला कोन बाद करतंय?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "स्वतः आत राहायला आईला बाहेर बसवतेस होय?" मला रडू फुटलं, आणि जवळ्याच्या धुरात मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही शेवटी एवढंच विचारलंत, "पहिलीच वेळ?" मी म्हटलं, "हो, बाई."

तुमचे गुडघे गेलेले, तरी सुनावणीला दिल्लीपर्यंत सोबत आलात. डब्यात नाचणीचे लाडू घेऊन. मी खरं सांगितलं. बंदी आली, नोकरी गेली, गावानं तोंड फिरवलं. बंदीत कुठल्याच संघाबरोबर सरावही करता येत नाही. मग तुम्हीच रोज संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली घडीची खुर्ची टाकून बसायला लागलात. मी ओल्या वाळूवर धावायचे आणि तुम्ही ओरडायचात, "दम सोडू नको!" बाई, त्या दिवसांत तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. आज माझ्या हाताखाली ज्या बारा मुली आहेत, त्या तुमच्या त्या खुर्चीमुळे आहेत.

आणि तरीही. नमुना सापडला त्याच्या आदल्या वर्षी मी अंतिम सामन्यातलं सुवर्णपदक आणून तुमच्या ओंजळीत ठेवलं होतं. तुम्ही ते टीव्हीच्या वर टांगलंत. पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत येईल त्याला दाखवायचात, "माझ्या पोरीचं. हे चोख आहे हो." बंदीनंतर तर जास्तच दाखवायला लागलात. त्या वर्षी आमच्याकडे तपासणीवाले फिरकलेच नव्हते, बाई. तेव्हाही मी त्याच गोळ्या घेत होते.

तुमच्या सूनबाईंनी ते पदक मला परत दिलं. कपाटात आहे. मुली विचारतात, ताई, टांगत का नाही? तेलाची गोष्ट मी त्यांना सांगते, बंदीचीही सांगते. ही नाही सांगितली. वाळूवरच्या त्या सगळ्या संध्याकाळी तुम्ही माझ्यापासून चार पावलांवर होतात आणि मला जमलं नाही. आज लिहिलं, यात माझी काही मर्दुमकी नाही. रुमाल घेऊन खाली बसणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून धीर झाला.